दुसऱ्या कंपनीचं ॲप रूट केलेल्या फोनवर: मॉडेल बदलण्याआधी हे वाच

हिंगणा रोडवर राहणाऱ्या एका इंजिनिअरिंगच्या पोराने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "दादा, माझा पोकोचा फोन आहे, अँड्रॉइड १३, मॅजिस्कने रूट केलेला. त्यावर पिक्सेलचा कॅमेरा, पिक्सेलचं रेकॉर्डर आणि सॅमसंग नोट्स पाहिजे. प्ले स्टोअर म्हणते, हे तुमच्या डिव्हाइससाठी नाही. रूममेट म्हणतो बिल्ड डॉट प्रॉप फाइल उघड, मॉडेलच्या जागी गॅलक्सीचं नाव टाक, सगळं चालून जाईल. टाकू का? बँकेचं ॲप बंद पडेल का? आणि गावी काकांकडे रूट केलेला गॅलक्सी आहे, त्यात सॅमसंग हेल्थ उघडतच नाही, त्याचं काय करू?"

मी नागपूरच्या बर्डीत मोबाईलच्या सॉफ्टवेअरचंच काम करतो आणि हा प्रश्न माझ्या काउंटरवर वेगवेगळ्या तोंडून येत असतो, म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो. रूट म्हणजे फोनच्या सिस्टीमवर पूर्ण ताबा, मॅजिस्क हे तो मिळवून देणारं साधन, आणि बिल्ड डॉट प्रॉप ही फोनचं नाव-मॉडेल लिहिलेली सिस्टीमची फाइल.

पहिलं म्हणजे रूममेटचं ऐकू नको. पूर्ण फोनचं मॉडेल बदलण्याचा सल्ला अँड्रॉइड ४-५ च्या काळातला आहे. तेव्हा सिस्टीममध्ये एकच मुख्य बिल्ड डॉट प्रॉप असायची, ती बदलली की बहुतेक ॲप्सना नवं नाव दिसायचं. अँड्रॉइड १० पासून मॉडेल, ब्रँड, डिव्हाइस ही नावं प्रॉडक्ट, ओडीएम, व्हेंडर, सिस्टीम एक्स्ट आणि सिस्टीम अशा वेगवेगळ्या विभागांतून गोळा होतात. फोन सुरू होताना इनिट हा प्रोग्रॅम ती या क्रमाने बघतो आणि जिथे आधी सापडतं ते घेतो. तुझा रूममेट सांगतो ती सिस्टीममधली फाइल या रांगेत सगळ्यात शेवटी आहे. म्हणजे तू तिथे गॅलक्सी लिहिलंस तरी फोन स्वतःला पोकोच म्हणत राहील. बरं, ती फाइल उघडून सेव्ह करायची म्हटली तरी आजच्या बऱ्याच फोनांत सिस्टीम विभाग मुळातच फक्त वाचता येईल असा बनवलेला असतो. रूट असूनही त्यात लिहिता येत नाही.

मॅजिस्कमधली रीसेटप्रॉप ही आज्ञा वापरून नाव बदलता येतं, हे खरं आहे. पण मग ते अख्ख्या फोनसाठी बदलतं. अपडेटची फाइल पुष्कळदा इन्स्टॉल होण्याआधी डिव्हाइसचं नाव तपासते, आणि हा तपास तुझ्या फोनचा शेवटचा रखवालदार असतो. तू नाव खोटं केलंस की तुझा खरा अपडेट नाकारला जातो आणि चुकीच्या मॉडेलचा अपडेट आत घेतला जाऊ शकतो. चुकीचा अपडेट पडलेला फोन उठवायला काय लागतं ते मी रोज बघतो. शिवाय मॉडेल गॅलक्सीचं आणि बिल्ड फिंगरप्रिंट, म्हणजे सॉफ्टवेअरची ओळख सांगणारी ओळ, पोकोची असा बेमेळ दिसला की गूगलच्या सर्टिफिकेशनलाही तो खटकतो. एका नोट्सच्या ॲपसाठी एवढी किंमत मोजायची गरज नाही.

मग करायचं काय? ॲप नेमकं कुठे अडतंय ते आधी बघायचं. "फक्त आमच्या फोनसाठी" ही अट कंपन्या वेगवेगळ्या ठिकाणी घालतात. काही अटी नावापुरत्या असतात, काहींच्या मागे खरंच हार्डवेअर असतं. जिथे अडतंय तेवढंच उघडायचं, बाकी फोनला हात लावायचा नाही.

हे बघायची रीत सोपी आहे आणि कॉलेजात असतानाच शिकून घे. फोन लॅपटॉपला लाव, यूएसबी डीबगिंग चालू कर, एडीबीवर (लॅपटॉपवरून फोनला आदेश द्यायचं साधन) लॉगकॅट, म्हणजे फोनच्या घडामोडींची नोंद, सुरू कर. जुना लॉग साफ कर. आता ॲपच्या चिन्हावर बोट ठेव. ॲप क्षणभर उघडून मिटेल आणि स्क्रीनवर पन्नास-शंभर ओळी धावतील. त्यातली "फेटल एक्सेप्शन" ही ओळ शोध आणि तिच्या खाली "कॉज्ड बाय" जिथे लिहिलं असेल ते वाच. बहुतेक वेळा तिथे तीनपैकी एक गोष्ट सापडते. "नो क्लास डेफ फाउंड" असेल तर ॲपला कंपनीच्या फ्रेमवर्कमधला (कंपनीने अँड्रॉइडमध्ये घातलेला स्वतःचा पाया) कोडचा एखादा तुकडा पाहिजे आणि तो तुझ्या फोनमध्ये नाही. "अनसॅटिस्फाइड लिंक एरर" असेल तर एखादी डॉट एसओ नावाची नेटिव्ह (थेट प्रोसेसरवर चालणाऱ्या कोडची) लायब्ररी सापडत नाही, आणि कोणती ते त्याच ओळीत लिहिलेलं असतं. "सिक्युरिटी एक्सेप्शन" असेल तर ॲप अशी परवानगी मागतंय जी त्याला मिळण्यातली नाही. ॲप मिटलं नाही, नुसतं "हा फोन चालत नाही" म्हणून थांबलं, तर ते फोनचं नाव किंवा एखादं फीचर विचारून नकार देतंय. ही दहा मिनिटांची तपासणी न करता लोक रात्र रात्र मॉड्यूल (मॅजिस्कमधून सिस्टीमला लावायची जोड) टाकत बसतात.

आता तुझ्या तीन ॲप्सवर येऊ.

रेकॉर्डरचं काम सगळ्यात हलकं. प्ले स्टोअरची "डिव्हाइससाठी नाही" ही पाटी म्हणजे फक्त दुकानाची चाळणी आहे. कंपनीने दुकानात कोणत्या फोनांना दाखवायचं ते ठरवलेलं असतं, किंवा ॲपने आपल्या मॅनिफेस्टमध्ये (माहितीपत्रकात) एखादं फीचर लागतं असं लिहिलेलं असतं. पण फोनचा इन्स्टॉलर स्वतः ही फीचरची अट बघत नाही. म्हणून हातात आलेली एपीके (ॲपची फाइल) थेट टाकली तर ती बसते. २०१९ मध्ये पिक्सेल ४ सोबत रेकॉर्डर आलं, तेव्हा लोकांनी ते असंच थेट टाकून इतर फोनांवर चालवलं होतं. तुझ्याकडे आवाज रेकॉर्ड होणं ही अडचण नाही. बोललेलं लिहून देण्यासाठी जी भाषेची मॉडेल्स लागतात ती मात्र उतरतीलच असं धरून चालू नको.

इथे दोन गोष्टी जप. आजकाल बहुतेक ॲप्स तुकड्यांत येतात, एक मुख्य आणि बाकीचे प्रोसेसर, स्क्रीन आणि भाषेनुसार. फक्त मुख्य तुकडा टाकला तर "मिसिंग स्प्लिट" म्हणून नकार येतो. सगळे तुकडे एडीबीच्या इन्स्टॉल मल्टिपलने एकत्र टाकायचे. आणि ॲपवरची कंपनीची डिजिटल सही तपास. एपीके साइनर नावाचं गूगलचंच साधन आहे. त्याने सहीचं प्रमाणपत्र काढायचं आणि त्याच कंपनीच्या दुसऱ्या खऱ्या ॲपच्या सहीशी जुळवायचं. टेलिग्रामवर "मॉडेड, नो रूट" लिहिलेली फाइल कोणीतरी फोडून, स्वतःच्या सहीने पुन्हा बांधलेली असते. त्यात आणखी काय घातलंय ते कळायला मार्ग नाही. रूट असलेल्या फोनवर अशी फाइल टाकणं मला अजिबात पटत नाही.

रेकॉर्डर बसलं, पण उघडल्यावर "पिक्सेल नाही" म्हणून अडलं तर दुसरी पायरी. गूगल आपले स्वतःचे फोन ओळखायला सिस्टीमच्या सिसकॉन्फिग फोल्डरमध्ये छोट्या एक्सएमएल फायली ठेवते. त्यांत "पिक्सेल एक्स्पिरियन्स" अशा नावाची फीचर्स एकेका ओळीत नोंदवलेली असतात. ॲप सिस्टीमला एवढंच विचारतं की हे फीचर आहे का, आणि ओळ असेल तर होकार येतो. मॅजिस्क मॉड्यूलमधून तीच एक फाइल दिली की काम होतं. त्याहूनही नेमका उपाय म्हणजे चालत्या ॲपच्या आत बदल करू देणाऱ्या एलएसपोझ्डसारख्या चौकटीत चालणारं मॉड्यूल, ज्यात कोणत्या ॲपला काय दाखवायचं ते ठरवता येतं. मूळ एलएसपोझ्डचं काम थांबलं असलं तरी त्याच्या शाखा चालू आहेत. तिथे स्कोपमध्ये, म्हणजे बदल लागू होणाऱ्या ॲप्सच्या यादीत, फक्त रेकॉर्डर निवड. मग रेकॉर्डरला हा फोन पिक्सेल वाटेल, अपडेटला, बँकेला आणि बाकी सगळ्यांना पोकोच दिसेल. तुझा रूममेट अख्ख्या फोनवर जे करायला सांगतो ते एका ॲपपुरतं असं होतं. काही ॲप्स मात्र जावाच्या बिल्ड क्लासला न विचारता नेटिव्ह कोडमधून थेट प्रॉपर्टी वाचतात. तिथे जावापुरतं बदल करणारं मॉड्यूल फसतं आणि झिगिस्कच्या (ॲप सुरू होतानाच त्यात शिरणारा मॅजिस्कचा भाग) पातळीवर काम करणारं लागतं.

याच मार्गाने लोक गूगल फोटोजला २०१६ चा पहिला पिक्सेल असल्याचं भासवतात, कारण त्या फोनवरून चढवलेल्या मूळ दर्जाच्या फोटोंना गूगलने अमर्याद मोफत जागा दिली होती. बाकी बहुतेक फोनांची अमर्याद मोफत जागा १ जून २०२१ ला बंद झाली. मी हे कोणाला करून देत नाही. स्वतःच्या पैशाने घेतलेल्या फोनवर एखादं ॲप चालवणं एक गोष्ट झाली. दुसऱ्याच्या सर्व्हरवरची जागा खोटं सांगून घेणं वेगळं, आणि गूगलने उद्या खातं बंद केलं तर लेकरांचे फोटो त्यातच अडकतात.

सॅमसंग नोट्सबद्दल माझं स्पष्ट मत आहे की नाद सोड. का, ते समजून घे, म्हणजे पुढेही उपयोगी पडेल. सॅमसंगची बरीच ॲप्स अँड्रॉइडवर उभी नसतात, सॅमसंगच्या फ्रेमवर्कवर उभी असतात. पेन कसा टेकला, किती जोराने दाबला, स्क्रीनच्या खिडक्या कशा मांडल्या, हे विचारायचा कोड फ्रेमवर्कच्या आत असतो. तो तुझ्या पोकोत नाहीच, म्हणून ॲप उघडताच "नो क्लास डेफ फाउंड" येतं. पूर्वी लोकांनी सोनीचं वॉकमन ॲप इतर फोनांवर आणलं, तेव्हा आधी सोनीच्या जार (जावा कोडच्या) फायली फ्रेमवर्क फोल्डरमध्ये आणि त्यांची नोंद करणारी एक्सएमएल परमिशन्स फोल्डरमध्ये टाकायचे. नोंद नसेल तर इन्स्टॉलरच "मिसिंग शेअर्ड लायब्ररी" म्हणून दारातून परत पाठवतो. एखाददुसरी सुटी लायब्ररी असेल तर आजही ही रीत चालते. पण सॅमसंगचे तुकडे एकमेकांत इतके गुंतलेले आहेत की एक आणला की तो दुसरा मागतो, दुसरा आणला की तिसरा, आणि शेवटी फोन लोगोवर अडकतो. जार दुसऱ्या अँड्रॉइड आवृत्तीची असेल तर हे आणखी लवकर होतं.

आणि समजा सगळ्या लायब्रऱ्या मिळाल्या, तरी त्याच्या पुढे सहीची भिंत आहे. काही परवानग्या फक्त त्याच ॲपला मिळतात ज्याची सही फोनच्या सिस्टीमच्या सहीशी जुळते. सॅमसंगची खाजगी किल्ली सॅमसंगकडेच. रूट असलं म्हणून ती तुझ्याकडे येत नाही. "शेअर्ड यूझर इन्कम्पॅटिबल" असा नकार दिसला तर समजायचं की ॲपला सिस्टीमच्याच ओळखीने चालायचंय आणि सही जुळत नाही. सही तपासणीच बंद करणारी मॉड्यूल्स मिळतात. ती टाकू नको. सही तपासणी बंद म्हणजे कोणतीही खोटी फाइल तुझ्या खऱ्या ॲपच्या जागी अपडेट म्हणून येऊन बसू शकते, आणि तुला पत्ताही लागणार नाही.

मधली एक जागा आहे ती सांगतो. "सिग्नेचर किंवा प्रिव्हिलेज्ड" अशा दोन्ही दारांच्या परवानग्या असतात. ॲप सिस्टीमच्या प्रिव्ह-ॲप फोल्डरमध्ये ठेवलं तर त्या सहीशिवाय मिळतात. पण अँड्रॉइड ८ पासून त्या ॲपला कोणत्या परवानग्या द्यायच्या याची यादी वेगळ्या एक्सएमएलमध्ये लिहावी लागते. ज्या फोनांत हा नियम सक्तीचा केलेला असतो तिथे यादीत एक जरी परवानगी राहून गेली तरी फोन पुढे बूटच होत नाही. माझ्याकडे येणाऱ्या बूटलूपच्या (पुन्हा पुन्हा सुरू होत राहणाऱ्या) कितीतरी फोनांत एवढंच झालेलं असतं, आणि पोरं समजतात मदरबोर्ड गेला.

आता कॅमेरा. यात खरी मजा आहे आणि मेहनतही वसूल होते. पिक्सेलच्या फोटोंमागे लेन्सपेक्षा गणित जास्त आहे. एका क्लिकमागे अनेक कमी उजेडाच्या फ्रेम घेऊन त्या जुळवून एक फोटो तयार होतो. त्यासाठी ॲपला कॅमेरा टू एपीआयचा (ॲपने कॅमेरा चालवायची अँड्रॉइडची सोय) पूर्ण ताबा लागतो. तो किती आहे ते फोन स्वतः सांगतो: लेगसी, लिमिटेड, फुल किंवा लेव्हल ३. कोणत्याही कॅमेरा तपासणीच्या ॲपमध्ये हे दिसतं. फुल किंवा लेव्हल ३ असेल तर रूटचाही संबंध नाही, तुझ्या मॉडेलसाठी जुळवलेलं जीकॅमचं पोर्ट (पिक्सेल कॅमेरा ॲपची इतर फोनांसाठी बदललेली आवृत्ती) टाकलं की झालं. लेगसी दाखवत असेल तर जुन्या क्वालकॉम फोनांत एचएएल ३ (कॅमेरा हार्डवेअरशी बोलणारा थर) चालू करणारी एक प्रॉपर्टी रूटने लावता यायची आणि बंद ठेवलेली क्षमता उघडायची. हार्डवेअर आणि व्हेंडरचा कोड ते पेलतच नसेल तर मात्र प्रॉपर्टी लावून काहीही होत नाही.

पोर्ट निवडताना तुझ्याच प्रोसेसरचं आणि शक्यतो तुझ्याच मॉडेलचं निवड, त्यासोबतची कॉन्फिग (सेटिंगची) फाइल घे. पोर्टवरही गूगलची सही नसते, म्हणून ते बनवणाऱ्याच्याच पानावरून घे, टेलिग्रामवरून नको. अंधारातल्या फोटोत हिरवी झाक आली तर सेन्सरचा ब्लॅक लेव्हल (काळ्याचं मोजमाप) जुळलेला नाही, तो कॉन्फिगमध्ये बदलता येतो. मागची दुसरी-तिसरी लेन्स दिसत नसेल तर तुझ्या कंपनीने ती बाहेरच्या ॲप्सना उघडीच केलेली नाही. आणि आपल्या नागपूरच्या मे महिन्यात दुपारी तेलंगखेडीवर लागोपाठ एचडीआर फोटो काढू नको. पिक्सेलमध्ये जे गणित वेगळ्या चिपवर होतं ते इथे बरंचसं मुख्य प्रोसेसरवर पडतं, फोन तापतो, मग कॅमेरा आपोआप बंद होतो आणि लोक पोर्टला दोष देतात.

हार्डवेअर आणि सॉफ्टवेअरमधली रेषा कधीकधी सरकतेही. पिक्सेल २ मध्ये २०१७ साली आसपास वाजणारं गाणं आपोआप ओळखणारं नाऊ प्लेइंग आलं. ते कमी विजेवर सतत ऐकणाऱ्या चिपवर चालायचं, म्हणून ते इतरांकडे येणारच नाही असं वाटायचं. पुढे अॅम्बियंट म्युझिक मॉड नावाच्या प्रकल्पाने ते इतर फोनांवर आणलं, आणि नंतरच्या आवृत्तीत तर रूटही लागेनासं झालं, शिझुकूवर (रूटशिवाय एडीबीइतके अधिकार देणारं ॲप) भागतं. म्हणून मॉड्यूल टाकण्याआधी त्या ॲपसाठी रूटशिवायचा रस्ता निघालाय का ते एकदा बघून घे.

जे काही टाकशील ते मॉड्यूल म्हणूनच टाक. मॅजिस्क खऱ्या सिस्टीममध्ये काही लिहीत नाही, बूट होताना मॉड्यूलमधल्या फायली वरून दाखवते. मॉड्यूल बंद केलं की फोन पूर्ववत. एका वेळी एकच टाक, रीस्टार्ट कर, एक दिवस वापर, मग दुसरं. सुरू करण्याआधी तुझ्या सध्याच्या बिल्डची मूळ बूट इमेज (फोन सुरू करणारी फाइल) लॅपटॉपवर ठेव आणि त्या लॅपटॉपला एडीबीची कायमची परवानगी दिलेली असू दे. कारण फोन लोगोवर अडकला तर तीच परवानगी कामी येते. केबल लावून एडीबीला फोनची वाट बघायला लावायची आणि मॅजिस्कला सगळी मॉड्यूल्स काढण्याचा आदेश द्यायचा, फोन परत उठतो. लॅपटॉप नसेल तर बूट ॲनिमेशन सुरू होताच व्हॉल्युम डाउन दाबून सेफ मोडमध्ये जा. मॅजिस्क ते ओळखून सगळी मॉड्यूल्स बंद करते. मग पुन्हा साधा रीस्टार्ट.

काकांच्या गॅलक्सीचं वेगळं आहे. सॅमसंग हेल्थ तर इतर कंपन्यांच्या साध्या फोनांवरही चालतं, रूट केलेल्या सॅमसंगवर मात्र अडतं. २०१३ च्या नोट ३ च्या काळापासून सॅमसंगच्या फोनांत नॉक्स या सुरक्षा यंत्रणेचा ई-फ्यूज (एकदाच जळणारा छोटा फ्यूज) आहे. अनधिकृत बूट इमेज टाकली की तो जळतो आणि नोंद शून्याची एक होते. ती कायमची. मूळ सॉफ्टवेअर परत टाकलं तरी एकच राहते. सॅमसंग पे आणि सिक्युअर फोल्डर त्यानंतर विसरायचं. हेल्थसाठी मात्र बऱ्याच मॉडेलांवर एक उपाय चालतो: कॉन्फिग टिमा नावाची प्रॉपर्टी एकवरून शून्य करणारं छोटं मॉड्यूल, आणि त्यानंतर हेल्थचा डेटा साफ करून पुन्हा उघडणं. काकांचा फोन रूट ठेवायचं काही कारण नसेल तरी मूळ सॉफ्टवेअर टाकून फ्यूज परत येईल अशी आशा त्यांना देऊ नको. आणि तू कधी बर्डीत जुना गॅलक्सी घ्यायला आलास तर पैसे देण्याआधी फोन डाउनलोड मोडमध्ये टाकून "वॉरंटी व्हॉइड" ओळीपुढे शून्य आहे का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघ. दुकानदार भला असला तरी त्याच्या आधीच्या मालकाने काय केलं हे त्यालाही माहीत नसतं.

राहिलं बँकेचं. ते तू रूट केलंस तेव्हाच पणाला लागलं, ॲप टाकल्याने नाही. बँका आणि यूपीआयची ॲप्स गूगलच्या प्ले इंटिग्रिटी या फोन-तपासणी सेवेला विचारतात, आणि मे २०२५ पासून अँड्रॉइड १३ व पुढच्या फोनांसाठी ती उत्तर देताना हार्डवेअरमधल्या किल्लीचा पुरावा बघते. बूटलोडर (फोन सुरू होताना सगळ्यात आधी चालणारा प्रोग्रॅम) उघडा आहे हे ती किल्ली खरं खरं सांगते. मॅजिस्कच्या डिनायलिस्ट या यादीत बँकेचं ॲप टाकून रूट लपवता येतं, पण हा पुरावा त्याने बदलत नाही. बाजारात यावर तोडगे फिरतात, आज चालतात, उद्या बंद होतात, आणि मेसच्या काउंटरवर पैसे द्यायच्या वेळी ॲप अडलं की तोंडघशी पडतोस. तुझं बँक खातं, यूपीआय आणि ते सिम रूट नसलेल्या दुसऱ्या साध्या फोनवर ठेव. घरातला जुना फोन चालेल, फक्त त्याला अजून सुरक्षा अपडेट येतात ना ते बघून घे.

कॅमेऱ्याचं पोर्ट आणि रेकॉर्डर या आठवड्यात करून बघ. अडलास तर "कॉज्ड बाय"च्या खालच्या चार ओळी, फोनचं नेमकं मॉडेल आणि बिल्ड नंबर एवढं पाठव. स्क्रीनचा फोटो नको, लॉगची फाइलच पाठव.